स्वतःच्या अक्षरातला विमानप्रवास

खोटी पावती ओळखायला आपल्याला चष्माही लागत नाही, असं अमान्यराव छातीठोकपणे सांगत. नुसतं बोट फिरवलं की कळतं! पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत सव्वीस वर्षं ते एकच काम करत आले होते. लोक कामानिमित्त प्रवास करून आले की त्यांच्या खर्चाची बिलं तपासायची आणि जमतील तेवढी परत पाठवायची. परत पाठवताना लाल पेनाने वर ठळक 'अमान्य' लिहायचं, खाली कारण, मग तारीख, वेळ आणि सही. त्यातला 'अ' ते असा काही डौलात काढत, की ज्याचं बिल बुडालं तो माणूससुद्धा घटकाभर त्याच्याकडे बघत राही. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. ऑफिसात, आणि हळूहळू घरातही, ते अमान्यरावच होते.

त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक चौकट टांगलेली होती. तीत प्रवासखर्चाचे बावीस नियम होते, सगळे त्यांनी स्वतः ठरवलेले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले. नियम चार : बोर्डिंग पास नाही, म्हणजे प्रवास झालाच नाही. नियम सात : हाताने लिहिलेला कागद ग्राह्य नाही. नियम अकरा : नातेवाइकाची साक्ष ग्राह्य नाही. नियम बारा : एका बिलवाल्याची साक्ष दुसऱ्या बिलवाल्याला चालणार नाही. आणि शेवटचा, नियम बावीस : बनावट कागद जोडणाऱ्याला तडकाफडकी घरी बसवलं जाईल. हाताने लिहिलेलं चालत नाही हा नियम हाताने लिहिलेला कसा, असं एकदा एका नव्या माणसाने विचारलं होतं. त्याची पुढची तीन बिलं परत आली. मग कुणी विचारलं नाही.

या नियमांचा सगळ्यात जास्त मार खाल्ला होता तो पंपवाल्याने. पंपवाला म्हणजे गावोगाव जाऊन कंपनीचे बिघडलेले पंप दुरुस्त करणारा इंजिनियर. तीन वर्षांपूर्वी पुराच्या पाण्यात अडकलेला एक पंप चालू करायला तो होडीतून गेला होता आणि होडीच्या भाड्याचं बिल त्याने लावलं होतं. अमान्यरावांनी नावाड्याची छापील पावती मागितली. पंपवाल्याने सांगून पाहिलं, की नावाड्याकडे होडी होती, वल्हं होतं, छापखाना नव्हता. पण 'अमान्य' ते अमान्य. पंपवाल्याने पदरमोड केली. मात्र तेव्हापासून कुठेही भेटला तरी तो नमस्काराऐवजी वल्हं मारल्याची खूण करत असे.

तर एके दिवशी मोठ्या साहेबांनी अमान्यरावांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या शहरातल्या कंपनीच्या गोदामात कागदावरचे पंप आणि जमिनीवरचे पंप यांचा मेळ बसत नव्हता. कुणालाही न कळवता अचानक जाऊन मोजणी करणारा माणूस हवा होता. अमान्यराव खुर्चीतून निम्मे उठलेच. शुक्रवारी सकाळच्या विमानाने जायचं, दुपारपर्यंत पंप मोजायचे, संध्याकाळच्या विमानाने परत. कुठे चाललोय ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण न बोलता राहवलंही नाही. शेजारच्या टेबलावरच्या कॅशियरबाईंना ते म्हणाले, "सोमवारी माझं बिल येईल तुमच्याकडे. नीट बघून ठेवा. बिल कसं असावं, हे पुढे लोकांना दाखवायला उपयोगी पडेल."

शुक्रवारी विमानतळावर पोहोचतात तर सगळे पडदे काळे! विमान कंपनीचे कॉम्प्युटर पहाटेपासून बंद पडले होते. कोण कुठे चाललंय, कुणाची जागा कुठली, कुणाची बॅग कुणाची, यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं. विमानं बाहेर उभी होती आणि माणसं आत. रांग एवढी लांब, की तिचं शेपूट पार बाहेर गाड्यांच्या थांब्यापर्यंत गेलं होतं. अमान्यरावांना मुळात रांगेत उभं राहणं जमत नसे. ते या पायावरून त्या पायावर गेले, पुढची माणसं मोजली, मागची मोजली, घड्याळ बघितलं, पुन्हा पुढची मोजली. एका माणसाला पुढे जायला किती मिनिटं लागतात याची त्यांनी सरासरी काढली. ती इतकी वाईट निघाली, की त्यांनी ती शेजारच्या दोघांना बोलून दाखवली आणि त्यांचीही झोप उडवली.

दीड तासाने ते काउंटरपाशी पोहोचले. पलीकडे एकटी मुलगी बसली होती आणि हाताने बोर्डिंग पास लिहीत होती. कंपनीची छापील कार्डं संपली होती, म्हणून पांढरा पुठ्ठा कापून त्यावर नाव, विमान, तारीख, जागा. शिक्का मॅनेजरच्या कपाटात आणि कपाटाचं कुलूप कॉम्प्युटरवर, त्यामुळे शिक्काही नाही. पहाटेपासून लिहून लिहून तिचं अक्षर शाईत बुडालेल्या मुंगीने चालावं तसं झालं होतं.

अमान्यरावांनी छापील पास मागितला. मशीन बंद आहे, ती म्हणाली. त्यांनी नियम सात ऐकवला. तिने वर पाहिलं. "काका, हा घ्या, नाहीतर घरी जा."

"मग निदान वाचता येईल असं तरी लिहा. हा एक आहे की सात? उद्या हा कागद कुणासमोर ठेवायचा असतो, माहीत आहे का?"

त्या मुलीच्या हातात गोळे आले होते, पोटात काही नव्हतं आणि समोर अजून सव्वाशे माणसं होती. तिने पेन त्यांच्यासमोर आपटलं. "तुम्हीच लिहा मग!"

ती वैतागून म्हणाली होती. अमान्यरावांना ती नेमणूक वाटली. समोर पेन आहे आणि आपण ते उचललं नाही, असं त्यांच्या आयुष्यात घडलं नव्हतं. त्यांनी पुठ्ठ्याचा एक चौकोन घेतला आणि स्वतःचा बोर्डिंग पास लिहिला. अक्षर असं टपोरं, की मुलगी बघतच राहिली. मग तिने रांगेकडे पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "काका, अजून दोन लिहिता का?"

दोनाचे चार झाले, चाराचे चाळीस. अमान्यराव वळसा घालून काउंटरच्या आत गेले आणि स्टुलावर बसले. मुलगी बॅगा आणि जागा बघू लागली, हे पास लिहू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं, की प्रवाशांची यादी अशी कुठे नाहीच. कुणाच्या तरी पासपोर्टच्या कडेने रेघा मारून त्यांनी तीही सुरू केली. लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तर अशा! रांग झपझप सरकू लागली. मान वर न करता ते हात पुढे करत, हातात कागद पडे, ते लिहीत आणि म्हणत, "पुढचे." सव्वीस वर्षांत त्यांनी माणसांची तोंडं फारशी पाहिलीच नव्हती. त्यांना माणूस ओळखू येई तो कागदावरून.

मध्येच ओळखीचा आवाज आला, "साहेब, नोकरी बदललीत?" पंपवाला होता. त्याच शहरात त्याचाही एक पंप अडला होता. पंधरा वर्षांच्या ओळखीनंतरही अमान्यरावांनी त्याचं ओळखपत्र दोनदा मागून घेतलं आणि मगच त्याचा पास लिहिला.

थोड्या वेळाने मुलगी जागांचा तक्ता आणायला आत गेली. नेमका त्याच वेळी पसरलेल्या हातावर एक पिवळी चिठ्ठी पडली. तिच्यावर पेनाने नुसता बुकिंगचा नंबर लिहिलेला. अॅप उघडत नाही, सगळंच बंद आहे, म्हणून आधीच उतरवून ठेवला होता, असं एका बाईचा आवाज सांगत होता. अमान्यरावांनी मान वर केली नाही. दिसला तो फक्त उजव्या मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ बांधलेला एक हात. त्यांचा स्वतःचा हात मात्र आपोआप खिशाकडे गेला, लाल पेन बाहेर आलं, आणि चिठ्ठीवर उमटलं : 'अमान्य. हस्तलिखित चालणार नाही. छापील तिकीट आणावे.' तारीख. अकरा वाजून दहा मिनिटं. सही. स्वतः हाताने पास लिहीत बसलेल्या माणसाने हे लिहिलं! बाई काहीतरी बोलत होत्या. अमान्यराव म्हणाले, "पुढचे."

विमान एकदाचं दुपारी एकला उडालं. खिडकीतून ढगांकडे बघताना अमान्यरावांना फार बरं वाटत होतं. आपण नसतो तर आज हे विमान जमिनीवरच राहिलं असतं, हे त्यांनी शेजाऱ्याला तीनदा सांगितलं.

पण तिकडे उतरल्यावर बॅगा शोधण्यात दीड तास गेला. गोदामापाशी पोहोचले तेव्हा साडेपाच झाले होते. गोदाम पाचला बंद झालेलं, ते आता थेट सोमवारी उघडणार. तपासणी इतकी अचानक होती, की तिथे वाट बघायला कुणीच नव्हतं. त्यांनी कुलूप हलवून पाहिलं. राखणीला एक कुत्रा होता. त्याने अमान्यरावांना नीट पाहिलं, पोटभर भुंकलाही. पण त्याची सही कशी घेणार? संध्याकाळचं विमान रद्द झालं होतं, रात्री ते तिथेच राहणाऱ्या बहिणीकडे राहिले. दुसऱ्या दिवशीही विमानांचा गोंधळ तसाच, म्हणून अकरा तास बसमध्ये आदळत आपटत घरी आले. पंप एकही मोजला नव्हता. तरी त्यांनी मनाची समजूत घातली, की कागद तर सगळे जवळ आहेत.

सोमवारी त्यांनी आपलं बिल कॅशियरबाईंपुढे ठेवलं, कारण स्वतःचं बिल स्वतः मंजूर करायचं नाही हा नियम एक होता. योगायोगाने पंपवाल्याचंही बिल त्याच सकाळी आलं. कॅशियरबाई मनाने गरीब. बारा वर्षं त्या अमान्यरावांशेजारी बसत होत्या आणि एकदाही मोठ्याने बोलल्या नव्हत्या. त्यांनी एक पास पाहिला. दुसरा पाहिला. मग मान वर करून भिंतीवरची नियमांची चौकट पाहिली. मग पुन्हा पास पाहिले.

"साहेब," त्यांनी हळूच विचारलं, "हा पास कुणी लिहिलाय?"

"मीच की," अमान्यराव खुशीत म्हणाले. "अक्षर ओळखलंत ना?"

"आणि पंपवाल्यांचा?"

"तोही मीच."

कॅशियरबाईंनी खुर्चीच्या हाताला धरलं. "आणि हे बसचं तिकीट कोरं कसं?"

ते मात्र अमान्यरावांनाही माहीत नव्हतं. बसवाल्याने दिलेला तो गुळगुळीत कागद शनिवारभर खिशातल्या घामात भिजला होता आणि त्यावरचं अक्षर न् अक्षर उडून गेलं होतं. अशी उडालेली तिकिटं त्यांनी स्वतः डझनावारी परत पाठवली होती. 'कोऱ्या कागदाचे पैसे मिळत नाहीत' असा शेरा मारून. आता ते कोरं तिकीट त्यांनी उजेडात धरलं, तिरकं करून पाहिलं, त्यावर फुंकरही मारली. तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपण गेलो होतो हे सांगणारा आपल्याजवळ एकच कागद आहे, आणि तो आपणच लिहिलेला आहे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

बातमी पसरायला काय वेळ! जेवणाच्या सुट्टीपर्यंत ऑफिसभर झालं, की अमान्यराव घरी बसून बोर्डिंग पास बनवतात आणि निम्मे पैसे स्वतः घेतात. चहाच्या वेळेपर्यंत त्याचं दरपत्रकही तोंडोतोंडी झालं. साडेचारला स्टोअरमधला एक माणूस त्यांच्या टेबलापाशी आला, इकडे तिकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, मागच्या वर्षीच्या मार्चमधला एक होईल का?"

मोठ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. पंपवाला खरं तर मदत करायला आला होता. तो भडाभडा बोलायला लागला, "साहेब, यांना काही बोलू नका. माझा पास यांनीच लिहून दिला, माझ्या डोळ्यांदेखत. माझाच काय, अख्ख्या विमानाचे पास यांनीच लिहिले!" मोठे साहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून विमान कंपनीने पंपांच्या कंपनीच्या हिशोबनिसाला काउंटरवर बसवलं, ही गोष्ट त्यांनी मनातल्या मनात दोनदा उभी करून पाहिली असावी. दोन्ही वेळा ती पडली.

"मी पाठवलं होतं तुम्हाला, ते खरं," ते अमान्यरावांना म्हणाले. "पण तुम्ही गेलात हे मी कशावरून सांगू? गोदामात कुणी पाहिलं नाही. बहीण म्हणाल तर नियम अकरा. हे गृहस्थ म्हणाल तर नियम बारा. नियम तुमचेच आहेत." पुढच्या आठवड्यात गुरुवारी बाहेरच्या ऑडिटरबाई हिशोब तपासायला येणार होत्या. तोवर विमान कंपनीकडून पुरावा आणला तर ठीक. नाहीतर नियम बावीस. अमान्यरावांचं लाल पेन त्यांनी टेबलावर ठेवून घेतलं. इतकी वर्षं छातीपाशी असलेलं ते पेन नाही, म्हणून अमान्यरावांना शर्टच हलका लागायला लागला. दर पाच मिनिटांनी हात खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई.

मग सुरू झाली धावपळ. विमान कंपनीचा फोन लागला की आधी वीस मिनिटं बासरी वाजे. बासरीनंतर कुणीतरी येऊन सांगे, की त्या दिवशीचा तुमचा प्रवास आमच्याकडे दिसत नाही. का दिसत नाही? कारण सिस्टीम बंद होती. मग विमान उडालं कसं? सिस्टीमप्रमाणे ते उडालंच नाही, सर. अमान्यराव विमानतळावर जाऊन आले. काउंटरवरच्या त्या मुलीने त्याच संध्याकाळी नोकरी सोडली होती आणि ती कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. तिथल्या मॅनेजरने मात्र बुडत्याला काडी दिली. त्या दिवशी प्रवाशांची कसलीशी यादी झाली होती म्हणे. सापडली की तो थेट मोठ्या साहेबांच्या पत्त्यावर पाठवणार होता. यादी हा शब्द ऐकून अमान्यरावांचा जीव इतका भांड्यात पडला, की ती कुणी लिहिली होती याची त्यांना आठवणच झाली नाही.

घरी ते या खोलीतून त्या खोलीत फिरत. ड्रॉवर उघडत, बंद करत. तेच शर्टाचे खिसे पुन्हा तपासत. बुधवारी बायकोने शेवटी त्यांना धरून बसवलं.

"अहो, तुम्ही गेला होतात, मला माहीत आहे. येताना पाठ धरली होती, मी शेकत बसले होते."

"तुझी साक्ष चालत नाही. नियम अकरा."

"ऑफिसात चालत नसेल. मी घरात सांगतेय." ती त्यांच्याशेजारी बसली. "पावतीशिवायही माणसं विश्वास ठेवतात हो. सव्वीस वर्षं तुम्ही सांगता उशीर झाला, मी म्हणते बरं. कधी कागद मागितला?"

अमान्यरावांना एकदम भरून आलं. आपण या बाईकडून किराण्याच्यासुद्धा पावत्या मागून घेत आलो, हे आठवून त्यांना मनापासून लाज वाटली. आणि नोकरी गेली तर तिला काय सांगायचं, याची त्याहून जास्त भीती वाटली.

गुरुवारी ऑडिटरबाई आल्या. मीटिंगच्या खोलीत मोठे साहेब, कॅशियरबाई, पंपवाला आणि एका टोकाला अमान्यराव. खुर्चीत नीट न टेकता, टेबलाखाली गुडघा हलवत. टेबलाच्या मधोमध पुरावा म्हणून ते लाल पेन ठेवलेलं. सवयीप्रमाणे अमान्यरावांची मान खाली, समोरच्या कागदांवर. ऑडिटरबाईंनी दोन्ही पास पाहिले, कोरं तिकीट पाहिलं. एवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन वाजला. विमान कंपनीकडून यादी आली होती.

"बघा, आली!" अमान्यराव निम्मे उठले.

साहेबांनी ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली. एकशे अठ्ठावन्न नावं. सरळ रेघा, डावीकडे समास, प्रत्येक नावापुढे जागा, तळाशी एकूण आणि त्याखाली दुहेरी रेघ. तेच टपोरं अक्षर. यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत अमान्यरावांची होती.

अमान्यरावांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी टेबल घट्ट धरलं.

"अक्षर मात्र छान आहे," पंपवाला हळूच म्हणाला. त्याला बहुतेक धीर द्यायचा होता.

ऑडिटरबाई उठून पडद्याजवळ गेल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग वळून त्यांनी विचारलं, "यांनी लिहिलेलं 'अमान्य' आहे का कुठे?"

आता त्या ऑफिसात दुसरं होतं काय! कॅशियरबाई चार फायली उचलून घेऊन आल्या. ऑडिटरबाईंनी पहिलीच उघडली. आत होडीचं बिल होतं. त्यावरचा 'अ' त्यांनी नीट निरखला. मग पर्स उघडून त्यांनी एक पिवळी चिठ्ठी काढली आणि बिलाच्या शेजारी ठेवली. चिठ्ठी ठेवणाऱ्या उजव्या मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ होतं.

अमान्यरावांना सगळं एकदम आठवलं.

"त्या शुक्रवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी," ऑडिटरबाई म्हणाल्या, "हे गृहस्थ विमानतळाच्या काउंटरवर बसलेले होते. हे माझ्याइतकं खात्रीने दुसरं कुणी सांगू शकणार नाही. माझं विमान यांनी चुकवलं."

छापील तिकिटासाठी त्या तीन मजले फिरल्या होत्या. परत येईपर्यंत काउंटर बंद. दुसरं तिकीट स्वतःच्या पैशांनी काढावं लागलं. आणि तेव्हापासून त्यांचं ऑफिस विचारत होतं, की तुम्ही विमानतळावर होतात आणि कुणीतरी तुम्हाला अडवलं, याला पुरावा काय? लाल पेनवाल्या कुणा प्रवाशाने अडवलं, हे तिथे कुणीही खरं मानायला तयार नव्हतं. मोठे साहेब मोठ्याने हसले. कॅशियरबाई बारा वर्षांत पहिल्यांदा आवाज करून हसल्या. हसण्यात सामील झाले नाहीत ते एकटे अमान्यराव. सुटका समोर उभी होती, पण जित्याची खोड!

"पण बाई," ते चाचरत म्हणाले, "ही चिठ्ठी हस्तलिखित आहे. नियम सात..."

"तुम्ही गप्प बसा," मोठे साहेब म्हणाले.

आणि अमान्यराव खरोखर गप्प बसले. ऑडिटरबाईंनी त्यांच्या बिलावर मंजुरीची सही केली आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आता बाईंचं स्वतःचं एक काम होतं. झाला प्रकार अमान्यरावांनी कबूल केल्याचं एक पत्र त्यांना हवं होतं. ते ऑफिसात दिलं की त्यांचंही बिल सुटणार होतं.

एवढंच ना? अमान्यरावांनी कॅशियरबाईंकडून चांगला जाड कागद आणि निळं पेन मागून घेतलं. समास सोडला. कसलाही अधिकार नसताना आपण या बाईंचा कागद नाकारला, त्यामुळे त्यांचं विमान चुकलं, चूक सर्वस्वी आपली आहे आणि तिचं आपल्याला मनापासून वाईट वाटतं, असं त्यांनी पानभर लिहिलं. वाईट वाटत होतं हे खरंच होतं. एकही खाडाखोड नाही. असं अक्षर त्यांनी बोहल्यावर चढण्याआधी बायकोला लिहिलेल्या पत्रानंतर काढलं नव्हतं. शेवटची रेघ मारून त्यांनी पत्र दोन्ही हातांनी पुढे केलं आणि मान वर करून, सव्वीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं.

ऑडिटरबाईंनी पत्र शांतपणे शेवटपर्यंत वाचलं. मग टेबलावरचं लाल पेन उचललं आणि त्या पत्राच्या डोक्यावरच लिहू लागल्या. 'अमान्य. आमच्याकडे हस्तलिखित चालत नाही. छापून आणावे.' तारीख. घड्याळ बघून वेळ. सही.

"पुढचे," त्या म्हणाल्या.

पंपवाल्याने लगेच होडीचं बिल पुढे सरकवलं. अमान्यराव पत्र घेऊन मुकाट्याने उठले आणि प्रिंटरपुढच्या रांगेत जाऊन उभे राहिले, या पायावरून त्या पायावर. रांगेत त्यांनी तो लाल शेरा पुन्हा एकदा वाचला. बाईंनी 'अ' अगदीच पडेल काढला होता, पण ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.